'डॉक्टर, तुम्हीच सांगा'

मानसोपचाराच्या खोलीत मराठी माणूस हमखास उच्चारतो असं एक वाक्य आहे : "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा, मी काय करू?" समोरची व्यक्ती डॉक्टर असतेच असं नाही, बरेचदा ती मानसशास्त्रात एम. ए. करून समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेली असते. पण हाफ डे टाकून आलो, फी भरली, घरातलं सगळं उघडं करून सांगितलं, आता उत्तर मिळायला हवं, अशी येणाऱ्याची साधी अपेक्षा असते. आणि उत्तराऐवजी समोरून प्रश्नच येतो, "तुम्हाला काय वाटतं?" कित्येकांची पहिली भेट शेवटची ठरते ती या वळणावर.

प्रश्न विचारणाऱ्या थेरपिस्टची बाजूही ऐकून घेऊ. गेल्या काही दशकांत तयार झालेले बरेच थेरपिस्ट 'आम्ही सहकार्याने काम करतो' असं सांगतात. उपचारातून काय साधायचं, कोणती वाट धरायची, कुठे थांबायचं, हे येणाऱ्यासोबत बसून ठरवायचं, अशी त्यांची भूमिका असते. ऐकायला छान वाटतं. याला नाही कोण म्हणेल? म्हणूनच ती जरा उलटसुलट करून पाहायला हवी. ही कल्पना आली कुठून, तिने गुण येतो का, आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर न जाण्याचं वळण असलेल्या आपल्या समाजात ती चालते का? माझं मत आधीच सांगून टाकते. थेरपिस्ट किती गोड बोलतो यावरून सहकार्य मोजता येत नाही. येणाऱ्याला तिथे 'नाही' म्हणता येतं का आणि तसं म्हटल्यावर पुढे काही बदलतं का, एवढंच पाहायचं.

बोलून बरं करण्याची ही विद्या घडवण्यात रुग्णांचा हात पहिल्यापासून आहे. व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉ. योसेफ ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणाऱ्या 'ॲना ओ.'नेच (खरं नाव बेर्था पापेनहाइम) या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं. त्यानंतर काही वर्षांनी 'एमी फॉन एन.' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या बाईंनी फ्रॉइड यांना चक्क झापलं : हे कुठून आलं, ते कुठून आलं, असं सारखं विचारत बसू नका, मला सांगायचंय ते सांगू द्या. फ्रॉइड यांनी ऐकलं. मनात येईल ते बोलू देण्याच्या त्यांच्या पुढच्या पद्धतीचं मूळ अनेक अभ्यासक या प्रसंगात शोधतात.

तेच फ्रॉइड १९०० साली अगदी उलटे वागले. 'डोरा' या अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी त्यांच्याकडे आणून सोडलं. वडिलांचे एका स्नेह्याच्या बायकोशी संबंध होते आणि तो स्नेही डोराच्या मागे लागला होता. घरात कोणी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. फ्रॉइड यांनी घटना खरी मानली, पण अर्थ आपलाच लावला : तिलाही तो माणूस मनातून हवा असणार. तिने नाकारलं की तो नकारही पुरावा म्हणून जमेला धरला जाई. अकरा आठवड्यांनी, ३१ डिसेंबरला, डोरा शेवटची आली आणि गेली. १९०५ साली फ्रॉइड यांनी हे प्रकरण छापलं. आजही ते शिकवलं जातं, आणि पुष्कळदा काय करू नये हे दाखवण्यासाठी.

दुसऱ्या टोकाला बुडापेस्टचे मनोविश्लेषक शांदोर फेरेन्त्सी. त्यांच्या एका रुग्ण बाईंचं म्हणणं पडलं की, डॉक्टर स्वतःच्या भावना लपवतात आणि त्यामुळे माझा उपचार अडलाय. तेव्हा मीही डॉक्टरांचं विश्लेषण करणार. फेरेन्त्सी तयार झाले. एकदा बाई बोलणार आणि डॉक्टर ऐकणार, एकदा डॉक्टर बोलणार आणि बाई ऐकणार. १९३२ च्या त्यांच्या डायरीत हा प्रयोग नोंदवलेला आहे, अडचणींसकट. मनात येईल ते सगळं बोलायचं तर दुसऱ्या रुग्णांची गुपितंही या बाईंपुढे येणार, त्याचं काय करायचं? पुढच्याच वर्षी फेरेन्त्सी वारले आणि डायरी छापून यायला १९८५ साल उजाडलं. त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक आहे, पण हे सहकार्य नव्हे. आपलं दुखणं घेऊन आलेल्या माणसावर डॉक्टरच्या दुखण्याची जबाबदारी पडली, तर त्याने जायचं कुठे?

या दोन टोकांच्या मधली वाट रुळवली मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी. ११ डिसेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी एक व्याख्यान दिलं आणि सल्ला देणं, समजूत घालणं, अर्थ लावून सांगणं या तेव्हाच्या रूढ रीतींवर टीका केली. स्वतःचं दुखणं कुठे आहे आणि कुठल्या दिशेने जायचं, याची जाण येणाऱ्यालाच असते, हा त्यांचा मूळ विश्वास. पण मला रॉजर्स यांचं दुसरंच काम जास्त मोलाचं वाटतं. ओहायो स्टेट विद्यापीठात ते आणि त्यांचे विद्यार्थी सेशनमधलं बोलणं तबकड्यांवर नोंदवून घेत. एका तबकडीवर मोजकी मिनिटं मावत, म्हणून ती सारखी बदलावी लागे. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी 'हर्बर्ट ब्रायन' या टोपणनावाच्या तरुणाच्या आठही भेटी, दोघांच्या तोंडच्या शब्दांसह, छापून टाकल्या. तोवर त्या बंद खोलीतलं जे काही बाहेर येई ते थेरपिस्टच्या आठवणीतून, त्याला सोयीचं वाटेल तेवढं. आता कोणीही वाचून म्हणू शकत होतं की, इथे तुम्ही त्याचं बोलणं तोडलंत.

रॉजर्स यांच्या पद्धतीत एक गोम आहे, तीही सांगायला हवी. सल्ला द्यायचा नाही, हे कोणी ठरवलं? थेरपिस्टने. येणाऱ्याला सल्लाच हवा असेल तर त्याच्या इच्छेचा मान राखायचा की तत्त्वाचा? 'तुम्हाला काय वाटतं' हा प्रश्न कोणताही विचार न करता, पोपटासारखा विचारला की तोही एक हुकूमच होतो.

या कोंडीवर मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी जास्त व्यवहारी तोड काढली. १९७९ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या डिप्रेशनवरच्या पुस्तकात त्यांनी मांडलं की, थेरपिस्ट आणि क्लायंट यांनी एकाच प्रश्नावर काम करणाऱ्या दोन संशोधकांसारखं वागावं. सेशनच्या सुरुवातीला आज कशावर बोलायचं ते दोघांनी ठरवायचं. 'ऑफिसात सगळे मला बिनकामाचा समजतात' हे क्लायंटचं वाक्य खरं की खोटं यावर वाद घालायचा नाही. ते तपासायचं कसं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. या आठवड्यात कोणी कोणी काम सोपवलं त्याची नोंद ठेवू या का? कोणी शब्दाने कौतुक केलं तर तेही लिहाल? निकाल काय लागेल हे थेरपिस्टलाही माहीत नसतं, आणि खरी मेख तिथे आहे. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न विचारणं म्हणजे शाळेतली तोंडी परीक्षा झाली.

महाराष्ट्रात मात्र बेक यांच्याआधी रुजले ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ पद्धत आत्मसात केली आणि मराठीत आणली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि १९९० साली ठाण्यात सुरू झालेल्या त्यांच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने ती व्याख्यानं, पुस्तकं, कार्यशाळा यांतून घरोघरी नेली. एलिस यांची शैली वाद घालण्याची. 'असं झालंच पाहिजे हा तुमचा हट्ट आहे, त्याला आधार काय?' असं थेट विचारायचं. आपल्याकडे ती पचली याचं मला नवल वाटत नाही. खडसावून शिकवणारे, पण मनाने प्रेमळ मास्तर आपण पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. प्रश्न एवढाच उरतो की, वादात हरलेला माणूस पटलं म्हणून गप्प झाला की दमला म्हणून? चांगला विवेकनिष्ठ थेरपिस्ट हे तपासतो. कच्चा असेल तर वाद जिंकून समाधानाने घरी जातो.

यानंतरची वळणं भराभर सांगते, कारण त्यांच्यातले फरक अभ्यासकांना जेवढे मोठे वाटतात तेवढे खोलीत बसणाऱ्याला वाटत नाहीत. विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनाबाबत मांडलं की, सोड म्हणून मागे लागलं की माणूस न सोडण्याची कारणं सांगू लागतो. त्याची स्वतःची सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बाजूला हार्लिन अँडरसन आणि हॅरॉल्ड गुलिशियन यांनी थेरपिस्टने 'मला माहीत नाही' अशा वृत्तीने बसावं असा आग्रह धरला. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी त्रासाला माणसापासून वेगळं काढलं. चड्डीत शी होणाऱ्या मुलांवरचा व्हाइट यांचा १९८४ चा लेख गाजला. त्यात मुलाला दोष न देता त्या शीलाच एक लबाड प्राणी मानून नाव दिलं जातं, आणि सगळं घर मिळून तो कधी डाव साधतो आणि आपण त्याला कधी चकवलं याचा हिशेब मांडतं. मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येतो आणि आईबाबांच्या बाजूला उभा राहतो.

या वळणांमधली नॉर्वेची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. कुटुंबासोबतच्या उपचारात एक थेरपिस्ट खोलीत बसतो आणि बाकीचा चमू एकतर्फी आरशामागून पाहतो, अशी तेव्हा रीत होती. तो चमू मध्येच थेरपिस्टला बाहेर बोलावून सूचना द्यायचा. कुटुंबाला त्यातलं काही कळायचं नाही. १९८५ साली त्रोम्सो इथे एका सेशनमध्ये बोलणं निराशेच्या गाळात रुतून बसलं. टॉम अँडरसन आणि त्यांच्या चमूने कुटुंबाला विचारलं : आमची आपसातली चर्चा तुम्ही ऐकाल का? मग कुटुंबाच्या खोलीतले दिवे मंद केले, आरशामागचे लावले आणि आवाजाची जोडणी उलटी केली. ज्यांच्याबद्दल बोललं जात होतं ते आता पाहणारे झाले. अँडरसन यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, यानंतर तज्ज्ञांची भाषाच बदलली. लोकांच्या तोंडावर 'ही आई अतिसंरक्षक आहे' असं कोण म्हणेल? फिनलंडमध्ये तोर्निओच्या मनोरुग्णालयाने त्याच सुमारास, १९८४ पासून, तीव्र मनोविकारातही हाच नियम केला : रुग्ण आणि त्याचे घरचे हजर नसताना उपचाराबद्दल कर्मचाऱ्यांनी चर्चा करायची नाही, निर्णय घ्यायचे नाहीत. तिथून आलेले निष्कर्ष फार आशादायक होते. मात्र ते एका छोट्या प्रदेशातले होते आणि नियंत्रित चाचण्यांचं पाठबळ त्यांना नव्हतं, हे उत्साही मंडळी सांगायला विसरतात.

आता गुण येतो का, हा प्रश्न. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या कामातल्या युतीचे तीन भाग पाडले : ध्येयावर एकमत, कामाच्या रीतीवर एकमत आणि आपसातला जिव्हाळा. आपण तिसऱ्यावर भाळतो. 'मॅडम फार चांगल्या आहेत हो' हे वाक्य जिव्हाळ्याबद्दल असतं. गाडं अडतं ते पहिल्या दोघांत. समजा, पुण्यातला आयटीतला सत्तावीस वर्षांचा मुलगा आईबरोबर आला. आईला तो लग्नाला तयार व्हायला हवा आहे. मुलाला रात्री झोप हवी आहे. थेरपिस्टच्या वहीत पहिल्या पानावर 'आत्मविश्वास कमी' असं लिहिलेलं आहे. तिघंही एकमेकांशी आदराने बोलतात, चहा होतो, पुढची तारीख ठरते, आणि चौथ्या भेटीनंतर मुलगा येईनासा होतो. कोणाचंही भांडण झालेलं नसतं.

या युतीवर संशोधन खंडीभर आहे. २०१८ साली २९५ अभ्यास आणि तीस हजारांहून अधिक रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात युती आणि उपचाराचं फळ यांचा सहसंबंध ०.२८ च्या आसपास निघाला. साध्या भाषेत, फळातल्या चढउताराचा सुमारे ८ टक्के भाग युतीशी जोडता येतो. हे कमी वाटेल. पण थेरपी कुठल्या नावाची आहे यावरून पडणारा फरक साधारणपणे याहूनही कमी भरतो. अर्थात, युती चांगली म्हणून माणूस बरा होतो की बरा होऊ लागला म्हणून युती चांगली वाटते, हा वाद पूर्ण मिटलेला नाही. दोन्ही गोष्टी होत असाव्यात.

मला जास्त बोलका वाटतो तो २००५ चा एक अभ्यास. थेरपिस्टना विचारलं गेलं की, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची तब्येत उपचारात बिघडेल? ५५० क्लायंटपैकी तिघांची बिघडेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात चाळीस जणांची बिघडली, आणि त्या तिघांतला एकच त्यात होता. अनुभव, पदवी, भिंतीवरची प्रमाणपत्रं यांनी ही नजर येत नाही. मग विचारावं कोणाला? अर्थात ज्याचं दुखतंय त्याला. त्यासाठी स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक कागद जगभर वापरला जातो. त्यावर दहा-दहा सेंटीमीटरच्या चार आडव्या रेघा असतात. माझं ऐकलं गेलं का, मला हवं त्यावर बोललो का, पद्धत मला जुळते का, एकूण आजची भेट कशी झाली. सेशन संपताना क्लायंटने प्रत्येक रेघेवर खूण करायची. पट्टीने मोजून ४० पैकी ३६ च्या खाली बेरीज गेली की थेरपिस्टने तिथल्या तिथे विचारायचं, काय खटकलं?

पण लग्नाच्या पंगतीत यजमानाने "जेवण कसं झालं?" विचारल्यावर वरण खारट होतं असं कोणी सांगत नाही. आपल्याकडचे क्लायंट चाळीसपैकी चाळीस देऊन मोकळे होतात. आणि हा आपलाच गुण आहे असंही नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या डेव्हिड रेनी यांनी क्लायंटना त्यांच्याच सेशनची टेप पुन्हा ऐकवली आणि त्या त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते विचारलं. टेपवर 'हो, बरोबर' म्हणणारे लोक आता सांगू लागले की, ते पटलं नव्हतं, पण थेरपिस्टला वाईट वाटेल, उद्धट दिसेल, तिला माझ्याहून जास्त कळतं, म्हणून गप्प बसलो. हे कॅनडात, १९९४ साली. भांडून जाणारा क्लायंट परवडला. माना डोलावणारा कधी निघून गेला ते कळतही नाही. म्हणून त्या कागदाचा उपयोग गुण मोजण्यापेक्षा तक्रारीला परवानगी देण्यासाठी जास्त होतो. पुढच्या परीक्षणांत अशा कागदांबद्दलचे दावे बरेच मवाळ झाले आहेत. नुसता कागद भरून घेऊन फायलीत लावला तर काही होत नाही, हे कळायला खरं तर संशोधनाची गरज नव्हती.

आपल्याकडे या सगळ्याचं काय होतं? १९७३ साली मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी मांडलं की, भारतीय रुग्ण थेरपिस्टकडे गुरूच्या नजरेने पाहतो, तर त्या नात्याला नावं ठेवण्याऐवजी त्याचाच उपचारासाठी उपयोग का करू नये? पाश्चात्त्य कल्पनेतला स्वतंत्र, स्वतःपुरता माणूस हाच आदर्श धरणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसऱ्यावर विसंबणं हा आजार नव्हे. गीतेचा दाखलाही या संदर्भात नेहमी दिला जातो : एवढं सगळं सांगून झाल्यावर कृष्ण निर्णय अर्जुनावर सोडतो. खरंच सोडतो, पण त्याआधी सतरा अध्याय आणि विश्वरूपदर्शन झालेलं असतं, हेही लक्षात घ्यावं. गुरूच्या नात्यात विश्वास भरपूर असतो, नकाराला जागा फार थोडी. त्यामुळे 'तुम्हीच सांगा' म्हणणाऱ्याला सुरुवातीला काहीतरी ठोस द्यावं, या मताची मी आहे. झोपेसाठी काय करता येईल, घरच्यांना काय सांगता येईल, पर्याय कोणते आणि प्रत्येकात खाचखळगे कुठले. जाणकाराने जाणकारी लपवण्यात कसलं आलंय सहकार्य? पण ते दिल्यावर पुढच्या भेटीत, "केलंत का?" असं विचारण्याऐवजी "जमण्यासारखं होतं का?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला माणूस खोटं बोलतो.

दुसरी गोष्ट कुटुंबाची. इथे खोलीत माणसं दोन नसतात. अमृतसरच्या मनोरुग्णालयात विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात जागेअभावी आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत त्यांच्या घरच्यांनाही राहायला लावलं, आणि घरचे उपचारात भागीदार झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तीच वाट धरली. हे आपलं खरं योगदान आहे, आणि याचा अभिमान वाटावा. पण कुटुंब नेहमी रुग्णाच्या बाजूने असतंच असं नाही. समलिंगी मुलाला किंवा मुलीला 'नीट करा' म्हणून आणणारे आईबाप थेरपिस्टांना नवे नाहीत, आणि त्यांचं म्हणणं ऐकून 'उपचार' करणारेही होते. इथे आईबापांशी सहकार्य म्हणजे क्लायंटशी दगा. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात अशाच, घरच्यांपासून पळालेल्या दोन तरुणींचं प्रकरण आलं. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाबरोबर सेशन घेतलं आणि आपले पूर्वग्रह निकालपत्रात मोकळेपणाने लिहिले. लैंगिक कल बदलण्याच्या उपचारांना त्यांनी मनाई केली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. निकाल देणाऱ्याने आधी स्वतः शिकायला बसावं, असं आपल्याकडे किती वेळा घडतं?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कागदावर तर फारच पुढे गेला. पुढे कधी आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा हक्क त्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला दिला. आपला प्रतिनिधी कोण, हेही आपणच नेमायचं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतले डॉ. सौमित्र पाठारे यांचा या कायद्याच्या मसुद्यात मोठा वाटा होता. असा कागद लिहून ठेवलेला माणूस मात्र शोधून सापडायचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत, तिथे उपचारातल्या भागीदारीची गोष्ट कोणी करायची? सरकारी ओपीडीत रांग दाराबाहेर गेलेली असताना तीन मिनिटांत ध्येयावर एकमत होत नसतं.

तरीही याच टंचाईतून एक वेगळी वाट निघाली. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने डिप्रेशनसाठी सहा ते आठ भेटींचा एक कार्यक्रम तयार केला आणि तो चालवायला तज्ज्ञ न घेता गावातल्याच, मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. काम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. पद्धत साधी : मन उदास झाल्यावर आपण कोणकोणत्या गोष्टी करणं सोडलं ते पाहायचं आणि त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल हे रुग्णाने निवडायचं. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, थोडी सुधारलेली नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे आल्यावर जगभर चर्चा झाली ती कमी खर्चाची. मला वेगळंच महत्त्वाचं वाटतं. हे समुपदेशक एकमेकांच्या सेशनची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत आणि चुका दाखवत. शेजारच्या गावच्या बाईसमोर 'हे काही मला जमायचं नाही हो' म्हणणं मोठ्या डॉक्टरसमोर म्हणण्यापेक्षा सोपं असतं, असाही माझा अंदाज आहे.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने हे १९८६ पासून दुसऱ्या अंगाने केलं आहे. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच समुपदेशक आणि कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. समोरचा थापा मारतोय हे त्यांना पहिल्या वाक्यात कळतं, कारण त्या थापा त्यांनी स्वतः मारलेल्या असतात. व्यसनी माणसांच्या बायकांसाठीचा 'सहचरी' गट हाही याच विचारातला. तिथे नवऱ्याला सुधारण्याच्या युक्त्यांइतकीच बाईच्या स्वतःच्या आयुष्याचीही चौकशी होते.

सहकार्याची मर्यादा कुठे? पहिली शंका जीव धोक्यात असतानाची घेतली जाते : आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाशी कसली वाटाघाट? अमेरिकेतले डेव्हिड जोब्स यांची रीत इथे पाहण्यासारखी आहे. ते परवानगी मागून समोरची खुर्ची सोडतात, क्लायंटच्या बाजूला बसतात, आणि दोघं एकच फॉर्म मिळून भरतात. मनाला किती यातना होताहेत, जगायची कारणं कोणती, मरायची कोणती, हे क्लायंटच्या हातून, त्याच्या शब्दांत उतरतं. जीव वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्ट सोडत नाही आणि गरज पडली तर दवाखान्यात भरतीही करतो. पण तोवर त्याने माणसाला ऐकलेलं असतं.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. अमेरिकेतले जेफ्री मॅसन यांनी १९८८ साली लिहिलं की, थेरपीतली सत्तेची उतरंड मुळातच आहे. गोड स्वभावाचा थेरपिस्ट ती मोडत नाही, झाकतो. त्यांचा थेरपीच बंद करा हा निष्कर्ष मला मान्य नाही, पण निदान मान्य आहे. फी एकजण देतो, दुसरा घेतो. एकजण रडतो, दुसरा घड्याळाकडे पाहतो. बरोबरीचं नाटक केल्याने हे जात नाही. उलट 'आपण मिळून ठरवलं होतं ना?' असं म्हणून अपयशाचं खापर क्लायंटच्याच डोक्यावर फोडायची सोय होते. गृहपाठ केला नाही म्हणजे 'तयारी नाही' असा शेरा मारणारे थेरपिस्ट स्वतःला सहकार्यवादीच म्हणवतात.

आणि एक व्यावहारिक बाब. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांना शिस्तीखाली आणण्यासाठी २०२१ साली नवा कायदा झाला, त्याची घडी अजून बसतेच आहे. तोवर 'समुपदेशक' अशी पाटी कोणीही लावतो. तेव्हा पहिल्या भेटीत संकोच न करता विचारा : तुमचं शिक्षण काय, नोंदणी कुठली, माझ्या त्रासावर तुम्ही कसं काम कराल, आणि काही भेटींनी फरक पडला नाही तर काय करायचं? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. तीन-चार भेटींत जे खटकलं असेल ते त्याच्याच तोंडावर सांगून पाहा. त्याने ते ऐकून काही बदललं तर तिथेच थांबा. 'हीच तुमची समस्या आहे' असं उत्तर आलं तर दुसरा थेरपिस्ट शोधा.